विश्लेषण : वाळवंटात निशाणा म्हणून टाकलेले बॉम्बर विमान ६० वर्षांनी उडाले... कसे आणि कशासाठी?

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील विचिटा शहरातून १७ जुलै २०१६ रोजी एका विमानाने उड्डाण केले आणि अवघ्या सात मिनिटांत ते परत उतरले. इंजिनाबाबत इशारा देणारा दिवा लागल्याने वैमानिकांनी फेरी आटोपती घेतली. पण या सात मिनिटांसाठी शेकडो स्वयंसेवकांनी १६ वर्षे, साडेतीन लाख तासांहून अधिक काम केले होते आणि तेही बहुतांश विनामोबदला. रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस या हिशेबाने एकट्या माणसाला एवढ्या कामासाठी जवळपास १४६ वर्षे लागली असती. हे विमान म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील बी-२९ सुपरफोर्ट्रेस. नाव ‘डॉक’. या प्रकारची ३,९७० विमाने बनली. आज उडू शकतात फक्त दोन. संग्रहालयात उभे करून ठेवता येण्याजोगे विमान उडते ठेवण्याचा हा खटाटोप लोक का करतात?

‘डॉक’ वाळवंटात कसे पोहोचले?

मार्च १९४५ मध्ये हे विमान बोइंगच्या विचिटा येथील कारखान्यातून लष्कराच्या ताब्यात गेले. युद्ध संपत आले होते, त्यामुळे त्याला प्रत्यक्ष लढाई दिसलीच नाही. पुढे १९५१ मध्ये रडारची अचूकता तपासणाऱ्या एका तुकडीत ते दाखल झाले. या तुकडीतील विमानांना ‘हिमगौरी आणि सात बुटके’ या गोष्टीतील पात्रांची नावे होती आणि त्यातल्याच एका बुटक्याचे, डॉकचे, नाव याच्या वाट्याला आले. १९५६ मध्ये त्याची सेवा संपली. नौदलाने कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात, चायना लेक येथील शस्त्रचाचणी क्षेत्रात, नेमबाजीचा निशाणा म्हणून ते उभे केले.

निशाणा असूनही ते वाचले, हे नशीबच. दुसरे कारण हवामानाचे. ॲल्युमिनियमचा मोठा शत्रू म्हणजे ओलावा आणि मोहावीत तो जवळपास नाहीच. हेच विमान एखाद्या किनाऱ्यावर ४२ वर्षे उभे राहिले असते, तर पुढची गोष्ट घडली नसती.

ते मिळवायला १२ वर्षे का लागली?

टोनी माझोलिनी यांना १९८७ मध्ये हे विमान सापडले. भंगारात पडलेले विमान मागितले की मिळेल, असे कुणालाही वाटेल. पण सरकारी मालमत्ता भंगारात असली तरी सरकारीच असते. त्याबदल्यात नौदलाच्या संग्रहालयासाठी एक बी-२५ विमान शोधून, दुरुस्त करून द्यायचे, असे ठरले. म्हणजे एक विमान वाचवण्यासाठी आधी दुसरे वाचवायचे! अखेर १९९८ मध्ये ‘डॉक’ वाळवंटातून ओढून बाहेर काढण्यात आले आणि २००० मध्ये त्याचे भाग ट्रेलरवर लादून विचिटाला, म्हणजे जिथे ते जन्मले त्याच गावी, आणले गेले.

हे गाव निवडण्यामागे भावनेपेक्षा व्यवहार अधिक होता. विचिटात युद्धकाळात १,६४४ बी-२९ बनली. विमान उद्योग आजही या शहराचा कणा आहे. त्यामुळे पत्रा वाकवणारे, वायरिंग करणारे, हायड्रॉलिक्स समजणारे निवृत्त कामगार आणि अभियंते तिथे गल्लोगल्ली सापडतात. युद्धाच्या दिवसांत, विशीही न ओलांडलेली असताना, याच कारखान्यात बी-२९च्या नाकाच्या भागावर रिव्हेट मारणारी एक महिला साठ वर्षांनी त्याच कामासाठी स्वयंसेवक म्हणून परत आली.

तरीही काम सलग चालले नाही. पैशाअभावी मध्ये काही वर्षे ते रेंगाळले. २०१३ मध्ये स्पिरिट एअरोसिस्टिम्सचे निवृत्त प्रमुख जेफ टर्नर यांच्या पुढाकाराने ‘डॉक्स फ्रेंड्स’ ही ना-नफा संस्था उभी राहिली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. २०१५ मध्ये उड्डाणचाचणीच्या खर्चासाठी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली गेली आणि दीड लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली.

विमान ‘पुन्हा उभे करणे’ म्हणजे नेमके काय?

रंग मारणे हा त्यातला सर्वात सोपा आणि सर्वात शेवटचा भाग. ४३ मीटर पंखविस्ताराच्या या विमानाचा सांगाडा आणि त्यावरील पत्रा लाखो रिव्हेट धरून ठेवतात. गंजलेला पत्रा बदलायचा, तर प्रत्येक रिव्हेट ड्रिलने काढायचा, भोक मोठे होऊ न देता. नवा मारताना दोन माणसे लागतात : बाहेरून एक जण हवेच्या दाबावर चालणारी गन धरतो, आतून दुसरा लोखंडाचा ठोकळा टेकवतो. दोघे एकमेकांना दिसत नाहीत. आवाजावर आणि हाताला जाणवणाऱ्या धक्क्यावर काम चालते. काही मिश्रधातूंचे रिव्हेट तर उष्णता-प्रक्रियेनंतर फ्रीझरमध्ये ठेवावे लागतात, कारण बाहेर राहिले की ते कडक होत जातात आणि मग ठोकताना तडकू शकतात. ही गोष्ट पुस्तकात वाचायला मिळते. पण ठोकळा किती जोरात धरायचा, हे शेजारी उभ्या माणसाकडूनच शिकावे लागते.

सुटे भाग दुकानात मिळत नाहीत, हे सांगायला नको. जुने आराखडे काढून अनेक भाग नव्याने घडवावे लागले.

सर्वात मोठी डोकेदुखी इंजिनांची होती. बी-२९ला राइट कंपनीची आर-३३५० जातीची चार इंजिने असतात. प्रत्येकात १८ सिलिंडर, दोन रांगांत गोलाकार बसवलेले. ताकद प्रत्येकी २,२०० अश्वशक्ती. ही इंजिने युद्धाच्या घाईत, पुरती तयार होण्याआधीच विमानावर चढली. मागच्या रांगेतील सिलिंडरना पुरेशी हवा मिळत नसे, झडपा तापत. त्यात बाहेरील कवचात मॅग्नेशियम होते आणि ते एकदा पेटले की विझवणे कठीण. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी सिएटलमध्ये बी-२९चा दुसरा नमुना इंजिनाला आग लागून कोसळला. विमानातील सर्व ११ जण ठार झाले.

म्हणून ‘डॉक’ला मूळ इंजिने बसवलीच नाहीत. याच घराण्यातील नंतरच्या, सुधारित प्रकारांचे भाग एकत्र करून इंजिने बांधून घेतली गेली. टेक्सासमधील ‘फिफी’ या दुसऱ्या उडत्या बी-२९नेही हाच मार्ग पत्करला. त्यासाठी ते २००६ ते २०१० जमिनीवरच होते. शुद्धतावाद्यांना हे रुचत नाही. पण मूळ इंजिनाचा हट्ट धरायचा की माणसे सुखरूप उतरवायची, याचे उत्तर अवघड नाही.

भारताशी याचा काय संबंध?

संबंध थेट आहे. बी-२९ने युद्धातील पहिली मोहीम केली ती भारतातून. १९४४च्या वसंतात विचिटा आणि आसपासच्या तळांवर, हँगरमध्ये जागा नसल्याने उघड्यावर, बर्फात विमानांच्या दुरुस्त्या अहोरात्र चालल्या होत्या. ती विमाने पाठवायची होती खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दूधकुंडी या तळांवर. पहिले बी-२९ चाकुलियाला २ एप्रिल १९४४ रोजी उतरले. ५ जूनला बँकॉकच्या रेल्वे यार्डावर हल्ला झाला. या दलाचे मुख्यालय खरगपूरच्या हिजली येथील इमारतीत होते. आधी तिथे ब्रिटिशांचा स्वातंत्र्यसैनिकांसाठीचा बंदीवास होता आणि पुढे तिथूनच देशातील पहिली आयआयटी सुरू झाली. आर-३३५० घराण्यातील इंजिनांवरच एअर इंडियाच्या ‘मलबार प्रिन्सेस’ने जून १९४८ मध्ये मुंबई-लंडन सेवा सुरू केली.

आणखी एक नाते बी-२४ लिबरेटर या बॉम्बरचे, आणि ते पुण्यापर्यंत येते. युद्ध संपल्यावर कानपूरच्या चकेरी येथे ही विमाने, पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून, मुद्दाम मोडतोड करून टाकून देण्यात आली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या कामगारांनी त्यातली सुमारे ४० पुन्हा उडण्याजोगी केली. १९४८ पासून ती भारतीय हवाई दलात होती. समुद्री टेहळणी करणाऱ्या सहाव्या स्क्वॉड्रनमार्फत पुण्याहून ती उडत राहिली आणि १९६८ अखेर निवृत्त झाली. बाकी जगाने तोवर आपापली लिबरेटर बहुतांश वितळवून टाकली होती. त्यामुळे ब्रिटनचे रॉयल एअर फोर्स म्युझियम, कॅनडातील ओटावाचे संग्रहालय आणि अमेरिकेत टक्सनचे पिमा संग्रहालय यांच्याकडील लिबरेटर भारतातून गेलेली आहेत. टक्सनचे तर १९६९ मध्ये भारतातून उडतच गेले. एक दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. आणखी एक १९८१ मध्ये ब्रिटिश संग्राहकाने घेतले, तिथून ते अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले आणि दुरुस्त होऊन १९८९ मध्ये पुन्हा उडाले.

मग धोका कुठे आहे?

याच फाउंडेशनकडे ‘नाइन-ओ-नाइन’ नावाचे बी-१७ विमानही होते. २ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेक्टिकटमधील ब्रॅडली विमानतळावर पैसे भरून बसलेल्या प्रवाशांना घेऊन ते उडाले, एका इंजिनाची ताकद कमी झाली, परत उतरताना ते आदळले. १३ पैकी सात जण मरण पावले. तपासात वैमानिकाच्या हाताळणीबरोबरच अपुऱ्या देखभालीवरही बोट ठेवले गेले. विशेष म्हणजे विमान चालवणारा आणि देखभालीचा प्रमुख एकच माणूस होता. म्हणजे आज उड्डाण करावे की नाही, हे ज्याने तपासायचे त्यालाच उडायचेही होते. मार्च २०२० मध्ये संस्थेची प्रवासी नेण्याची सवलत रद्द झाली.

तीन वर्षांनी, १२ नोव्हेंबर २०२२ रोजी, डॅलसच्या हवाई प्रदर्शनात एक बी-१७ आणि एक पी-६३ हवेतच धडकले. सहा मृत्यू. तिथे यंत्र बिघडले नव्हते; कोणते विमान किती उंचीवर राहील, याची पक्की आखणी नव्हती.

हौस आणि निष्ठा यांनी रिव्हेट मारता येतात, पण ‘आज उडायचे नाही’ असे म्हणणारा माणूस संस्थेत लागतो, आणि त्याचे ऐकलेही जावे लागते. ‘डॉक’च्या पहिल्याच फेरीत दिवा लागताच परत फिरण्याचा निर्णय म्हणूनच महत्त्वाचा. खाली १६ वर्षे वाट पाहिलेली माणसे उभी होती.

उडवण्याऐवजी संग्रहालयात का ठेवत नाहीत?

ठेवतात, आणि अनेकदा तेच योग्य असते. पण उभ्या विमानाला इंजिन सुरू करणारा माणूस लागत नाही. बी-२९चे इंजिन बंद असताना खालच्या सिलिंडरमध्ये तेल उतरून साचते. तेल दाबले जात नाही, त्यामुळे तसेच सुरू केले तर दट्ट्याचा दांडा वाकतो. म्हणून आधी पाती हाताने फिरवावी लागतात. अशा शेकडो बारीकसारीक सवयी विमान उडते तोवरच माणसांत टिकतात.

ब्रिटनच्या व्हल्कन एक्सएच५५८ या जेट बॉम्बरचे उदाहरण बोलके आहे. लोकवर्गणी व लॉटरी निधीतून ते २००७ मध्ये पुन्हा उडाले. विमान सुस्थितीत होते, प्रेक्षक होते. पण त्याच्या रचनेचे तांत्रिक ज्ञान असलेल्या कंपन्यांनी पाठबळ थांबवले आणि ऑक्टोबर २०१५ नंतर ते जमिनीवरच राहिले.

पण हे विमान कशासाठी बनले होते?

हा प्रश्न टाळता येत नाही. ‘डॉक’ कारखान्यातून बाहेर पडले त्याच महिन्यात, ९-१० मार्च १९४५च्या रात्री, त्याच्याच भावंडांनी टोकियोवर आगीचे बॉम्ब टाकले. सुमारे एक लाख माणसे मेली. हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणारी विमानेही बी-२९च. त्यातल्या ‘एनोला गे’च्या प्रदर्शनावरून १९९५ मध्ये अमेरिकेत एवढा वाद झाला की स्मिथसोनियन संस्थेला मूळ मांडणी रद्द करावी लागली. शांतपणे उभे असलेले विमान एवढे वादग्रस्त ठरते, तर गर्जत डोक्यावरून जाणाऱ्याकडे टाळ्या वाजवताना खाली काय घडले होते ते विसरणे फार सोपे आहे. बहुतेक हवाई प्रदर्शनांत ते विसरलेच जाते.

सध्या काय स्थिती आहे?

२०१९ पासून ‘डॉक’ विचिटाच्या आयझेनहॉवर विमानतळावरील स्वतःच्या हँगरमध्ये असते. उन्हाळ्यात ते देशभर दौरे करते, पैसे भरून लोक त्यात बसतातही. त्यातूनच पुढचा खर्च निघतो. हिवाळ्यात दौरे थांबतात आणि इंजिनांवरील झाकणे उघडली जातात. स्वयंसेवकांत निवृत्तांचा भरणा मोठा आहे. युद्धकाळात या विमानांवर काम केलेली पिढी तर जवळपास संपली. नव्याने आलेल्याला सुरुवातीला झाडू आणि फडके मिळते. रिव्हेटचा ठोकळा त्यानंतर.