तान्ह्याच्या जठरातील बुरशी

तान्ह्या मुलाच्या जठराला छिद्र पडणे ही तशी विरळाच घडणारी आपत्ती. बहुधा मूल अकाली जन्मलेले असते. पहिल्या काही दिवसांतच त्याचे पोट फुगते, दूध पचेनासे होते आणि क्ष-किरण चित्रात उदरपोकळीत मोकळी हवा दिसते. शल्यचिकित्सक तातडीने पोट उघडून छिद्र शिवतात. कारण विचारले, तर नाकातून घातलेल्या नळीची इजा, श्वासासाठी दाबाने दिलेली हवा, पुढील आतड्यातील अडथळा यांपैकी एखादे सांगितले जाते. पुष्कळदा कारण सापडतच नाही. बुरशीचे नाव या यादीत अगदी शेवटी असते, आणि तिथवर सहसा कोणी पोहोचत नाही.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस पाहिला, तो नाका-डोळ्यांचा. हाच रोग अर्भकाच्या अन्नमार्गातही होऊ शकतो. त्याला ‘काळी बुरशी’ म्हणतात खरे, पण काळी असते ती बुरशी नव्हे. तिचे तंतू रक्तवाहिन्यांत शिरतात, रक्त गोठते आणि रक्तावाचून मेलेला भाग काळा पडतो. जठराची भिंत अशी मेली की ती फाटावयास वेळ लागत नाही.

या बुरशीचे बीजाणू मातीत, धुळीत, कुजक्या पाल्यात सर्वत्र असतात. धडधाकट माणसाचे ते सहसा काही बिघडवीत नाहीत. अकाली जन्मलेल्या बाळाची गोष्ट निराळी. २०१४ साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात एकोणतीस आठवड्यांनी जन्मलेल्या बाळाला आतड्याच्या रक्षणासाठी उपकारक जीवाणूंची भुकटी देण्यात आली. आठवड्याभरातच ते अत्यवस्थ झाले. पोट उघडले, तेव्हा अन्नमार्गाचा रक्तपुरवठा सर्वत्र तुटलेला आढळला. बाळ वाचले नाही. त्या भुकटीच्या न उघडलेल्या डब्यांतही बुरशी निघाली. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला औषधाची कसोटी लागू नसते, हे त्यातले खरे दुखणे!

निदानाचा खात्रीचा मार्ग म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी छिद्राच्या कडेचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. रुंद, फितीसारखे तंतू दिसले की शंका उरत नाही. तो तुकडा पाठविलाच नाही, तर जीवाणूंवरील औषधे चालू राहतात आणि बुरशीला त्यांची बाधा होत नाही. तिच्यावर चालते अँफोटेरिसिन-बी. शिवाय मेलेला भाग कापून टाकावा लागतो, कारण मृत कडांना घातलेला टाका धरत नाही. तपासणीचा अहवाल येण्यास दिवस लागतात, आणि तितकी उसंत बाळापाशी नसते. म्हणून कडा काळवंडलेल्या दिसताच तुकडा प्रयोगशाळेकडे रवाना करून औषध त्याच दिवशी सुरू करणे इष्ट.