तळवे जमिनीला टेकले, म्हणजे झालं का?

योगवर्गात कौतुक बहुधा त्याच व्यक्तीचं होतं, जिचे तळवे पादहस्तासनात पहिल्याच आठवड्यात जमिनीला टेकतात. सांध्यांचा विचार केला तर मात्र वर्गात सगळ्यांत जास्त लक्ष द्यायला हवं ते कदाचित तिच्याचकडे. असं का, ते कळण्यासाठी आधी अस्थिबंधांकडे बघू.

अस्थिबंध, म्हणजे बोलताना आपण ज्याला लिगामेंट म्हणतो ते, एका हाडाला दुसऱ्या हाडाशी जोडणारे चिवट पट्टे. स्नायू हाडाला जोडला जातो तो टेंडनने. ती गोष्ट वेगळी. स्नायू आकुंचन पावतो, सैल पडतो. अस्थिबंधाला असं स्वतःहून काही करता येत नाही. तो मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचा बनलेला असतो. ताण नसताना हे तंतू नागमोडी असतात. ताण पडला की आधी त्या लाटा सरळ होतात, तेवढं सहज जमतं. एकदा तंतू सरळ झाले की अस्थिबंध एकदम कडक होतो आणि सांध्याला सांगतो, ‘बास, इथपर्यंतच.’ त्यापुढेही जोर लावला तर तंतू तुटायला लागतात. पाय मुरगळतो तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या बाजूला बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. अस्थिबंधांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते भरून यायला वेळ लागतो, आणि पुष्कळदा पूर्वीचा घट्टपणा पूर्णपणे परत येत नाही.

पद्मासनात गुडघा का दुखतो?

खुब्याच्या सांध्याच्या पुढच्या बाजूला इलिओफेमोरल नावाचा अस्थिबंध असतो, शरीरातल्या सर्वांत बळकट अस्थिबंधांपैकी एक. मांडी मागे जाते तेव्हा तो ताणला जातो. वीरभद्रासनात मागच्या पायाच्या खुब्याला पुढून जो अटकाव जाणवतो, त्यात स्नायूंबरोबर याचाही वाटा असतो. मांडी पोटाकडे वाकवली की तो सैल पडतो, म्हणूनच पद्मासनात मांडी बाहेरच्या बाजूला फिरू शकते.

पण किती फिरेल, हे खुब्याच्या हाडांच्या ठेवणीवरही अवलंबून असतं, आणि ती ठेवण प्रत्येकाची वेगळी. तिथे फिरणं थांबलं आणि तरी आपण हाताने पाऊल ओढून मांडीवर चढवलं, तर उरलेला पीळ जातो गुडघ्यात. गुडघा सरळ असताना त्याच्या दोन्ही बाजूंचे अस्थिबंध ताठ असतात, त्यामुळे तो जवळजवळ फिरतच नाही. वाकला की ते काहीसे सैल होतात आणि थोडा पीळ चालतो. थोडाच! त्याहून जास्त झाला तर अस्थिबंधांवर आणि आतल्या कूर्चेच्या गादीवर ताण येतो. म्हणून पद्मासनात गुडघा दुखला, तर अडचण पुष्कळदा खुब्यात असते.

मग लवचीकता येते कुठून?

नियमित सरावाने आपण जास्त वाकू लागतो, ते अस्थिबंध लांब झाले म्हणून नव्हे. स्नायू आणि मज्जासंस्था तो ताण हळूहळू स्वीकारायला शिकतात, हा त्यातला मोठा भाग. अस्थिबंध लांबवणं हे आसनांचं उद्दिष्ट नाहीच. शिवाय अस्थिबंधांत चेतातंतूंची टोकं असतात. सांधा कोणत्या स्थितीत आहे, किती ताणला गेलाय, ही खबर ती मेंदूला देतात. सांधा सैल झाला की आधार कमी होतो आणि तोल सांभाळायचं जास्तीचं काम स्नायूंवर येऊन पडतं.

आता पहिल्या मुद्द्याकडे येऊ. सांधे जास्त सैल आहेत का, हे पाहण्यासाठी बायटन गुणांकन वापरतात. एकूण गुण ९. करंगळी ९० अंशांपलीकडे मागे जाणं, अंगठा मनगटाकडे वाकवून हाताला टेकणं, कोपर आणि गुडघा १० अंशांहून जास्त मागे झुकणं, असे दोन्ही बाजूंचे मिळून ८ गुण. आणि नववा गुण कशाचा? गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकवण्याचा! एकट्या या गुणावरून काही सिद्ध होत नाही. मांडीमागचे स्नायू लांब असले तरी तळवे टेकतात. पण प्रौढांमध्ये साधारण ५ किंवा अधिक गुण मिळाले, तर सांधे सर्वसाधारणपणे सैल असल्याचं मानतात. अशा व्यक्तीला आसन ‘जमतं’ तेव्हा ती कदाचित स्नायूंऐवजी अस्थिबंधांवर लटकलेली असते.

करायचं काय?

त्रिकोणासनात पुढच्या पायाचा गुडघा आरशात बाजूने बघा. तो मागे झुकलेला दिसला तर किंचित वाकवा आणि मांडीचे स्नायू आवळा. आसन अवघड होईल, कारण आता काम स्नायू करतायत. हाताखाली ठोकळा घ्यायला लाजू नका. बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात ठोकळे, पट्टे, दोर वापरात आणले, ते शरीराला जमिनीपर्यंत ओढण्याऐवजी जमीनच वर आणता यावी म्हणून.

ताण स्नायूच्या मधल्या भागात, पसरल्यासारखा जाणवत असेल तर बहुधा ठीक. सांध्यात, एकाच जागी टोचल्यासारखा जाणवला तर मागे या. ज्यांचे सांधे मुळातच सैल आहेत त्यांनी शेवटच्या टोकाच्या थोडं अलीकडेच थांबावं आणि ताकद वाढवावी. गरोदरपणातही हेच, कारण तेव्हा संप्रेरकांमुळे अस्थिबंध सैलावू शकतात. आणि ज्यांचे तळवे अजून टेकत नाहीत, त्यांनी खुशाल गुडघे वाकवावेत.