रस्ता रोमनांचा, नावे इतरांची

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील बंदरांपासून निघून कँटरबरी, रॉचेस्टर, लंडन, सेंट ऑल्बन्स आणि टोस्टर या गावांवरून वायव्येकडे, वेल्सच्या सीमेजवळील रॉक्सिटरपर्यंत जाणारा ‘वॉटलिंग स्ट्रीट’ हा रोमन ब्रिटनमधील एक प्रमुख रस्ता होय. इ. स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या फौजा ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि त्यांचा अंमल जसजसा अंतर्भागात पसरला, तसतशी छावण्या, बंदरे आणि नगरे यांना जोडणारी ही वाट पक्की होत गेली. आज तिचा बराच भाग ए-२ आणि ए-५ या मोटारमार्गांखाली गेला आहे. तरीही आधुनिक मार्ग जुन्या रेषेपासून जेथे बाजूला वळतो तेथे मूळ रस्ता कोठून जात होता, प्राचीन याद्यांत नोंदलेले मुक्काम नेमके कोठे होते आणि ते केव्हा ओस पडले, हे प्रश्न आपोआप सुटत नाहीत. त्यासाठी लिखित नोंदी, स्थलनामे आणि प्रत्यक्ष जमीन या तिन्हींची साक्ष एकमेकींशी ताडून पाहावी लागते. या तपासणीतून एक लक्षणीय गोष्ट पुढे येते. रस्ता रोमनांनी बांधला असला, तरी त्यावरील मुक्कामांची बहुतेक नावे त्यांच्या लॅटिन भाषेत घडलेली नाहीत. जुनी नावे रोमनांच्या आधीपासून तेथे राहणाऱ्या केल्टिक भाषकांची आहेत, तर आजची बरीचशी नावे रोमन सत्ता संपल्यानंतर आलेल्या इंग्रजी भाषकांनी दिलेली आहेत.

अंतरांची यादी

लिखित साक्षीत सर्वांत महत्त्वाची आहे ती ‘अँटोनाइन मार्गसूची’. रोमन साम्राज्यातील मार्ग, त्यांवरील मुक्काम आणि लागोपाठच्या दोन मुक्कामांमधील अंतर एवढीच माहिती देणारा हा संग्रह असून त्यात ब्रिटनमधील १५ मार्ग नोंदलेले आहेत. उत्तरेकडील हेड्रियनच्या तटबंदीपासून बराच वळसा घेत आग्नेयेकडील रिचबरो बंदरापर्यंत येणारा दुसरा मार्ग रॉक्सिटरच्या पुढे वॉटलिंग स्ट्रीटवरूनच जातो. अंतरे रोमन मैलांत दिलेली आहेत. रोमन मैल म्हणजे हजार दुहेरी पावले, प्रत्येक दुहेरी पाऊल पाच रोमन फुटांचे, म्हणजे आजच्या मापाने सुमारे १.४८ किलोमीटर.

या मापाने यादी तपासली असता तिची विश्वसनीयता स्पष्ट होते. बॅनाव्हेंटा ते लॅक्टोडुरम हे अंतर यादीत १२ मैल, म्हणजे सुमारे १७.८ किलोमीटर आहे, आणि ज्या ठिकाणी रोमन वस्तीचे अवशेष सापडले आहेत त्या व्हिल्टन लॉजपासून टोस्टरपर्यंतचे अंतरही जवळपास तेवढेच भरते. मॅजिओव्हिनियम ते ड्युरोकोब्रिव्हे हे अंतरसुद्धा १२ मैलच नोंदलेले असून फेनी स्ट्रॅटफर्डजवळील अवशेषांपासून आजच्या डन्स्टेबलपर्यंत मोजले असता ते जुळते. मात्र मूळ यादी आज उपलब्ध नाही. हाती आहेत त्या शतकानुशतके हातांनी उतरवलेल्या नकला, आणि रोमन आकड्यांत एखादी उभी रेघ गळली की एक मैल कमी होतो, तर एखादे अक्षर चुकले की पाच किंवा दहा मैलांचा फरक पडतो. त्यामुळे एखादे अंतर जमिनीशी जुळले नाही, तर मुक्कामाची जागा चुकीची मानली गेली आहे की नकलकाराचा आकडा चुकला आहे, हे ठरवण्यासाठी आधीच्या आणि नंतरच्या टप्प्यांची बेरीज पाहावी लागते.

नाव एकीकडे, जागा दुसरीकडे

यादीतील नावांना लॅटिन प्रत्यय लागलेले असले, तरी त्यांचे घटक केल्टिक आहेत. कँटरबरीचे जुने नाव ड्युरोव्हर्नम आणि रॉचेस्टरचे जुने नाव ड्युरोब्रिव्हे या दोहोंत ‘ड्युरो’ हा तटबंदीच्या ठिकाणाचा वाचक शब्द आहे. ‘व्हर्नो’ म्हणजे पाणथळ जागी वाढणारा ऑल्डर वृक्ष आणि ‘ब्रिव्हा’ म्हणजे पूल, हे त्यांचे उत्तरार्ध होत. रॉचेस्टरला मेडवे नदी ओलांडावी लागत असल्याने पुलाचा उल्लेख तेथे स्वाभाविकच आहे. मॅन्सेटर येथील मँड्युएसेडम या नावात तट्टू आणि रथ यांचे वाचक शब्द ओळखता येतात.

ही नावे पुढे कशी टिकली, हे पाहताना लेटोसेटम या मुक्कामाचे उदाहरण विशेष बोलके ठरते. ‘लेटो’ म्हणजे करडा आणि ‘सेटो’ म्हणजे वन, असा या नावाचा अर्थ असून वेल्श भाषेत हेच शब्द आजही ‘ल्विड’ आणि ‘कोइड’ या रूपांत आढळतात. रोमन मुक्काम जेथे होता, त्या स्नानगृहाचे आणि प्रवासी निवासाचे अवशेष असलेल्या गावाचे आजचे नाव मात्र ‘वॉल’, म्हणजे भिंत, असे आहे. इंग्रजी भाषकांनी ते तेथील पडक्या भिंतींवरून दिले. जुने नाव नष्ट झाले नाही, तर सुमारे तीन किलोमीटर ईशान्येला सरकले. बोलीत झिजून त्याचे ‘लिकिड’ असे रूप झाले, त्याला मोकळ्या मैदानाचा वाचक इंग्रजी शब्द जोडला गेला आणि त्यातून लिचफील्ड हे नाव घडले. इ. स. ७३१ मध्ये पूर्ण झालेल्या, बीड या इतिहासकाराच्या ग्रंथात ते जवळपास याच रूपात येते. पुढे मूळ अर्थ विसरला गेला आणि जुन्या इंग्रजीत प्रेताला ‘लिक’ म्हणत असल्याने हे हुतात्म्यांच्या प्रेतांचे मैदान होय अशी आख्यायिका रूढ झाली. ती इतकी दृढ झाली की नगराच्या मुद्रेवरही मृतदेहांचे चित्र आले.

पेनोक्रुसियम या मुक्कामाच्या बाबतीतही असेच घडले. टेकाड किंवा उंचवटा या अर्थाचे हे नाव आज पेंक्रिज या गावाने धारण केले आहे. परंतु रोमन वस्तीचे अवशेष त्या गावात नसून काही किलोमीटर दक्षिणेला, वॉटलिंग स्ट्रीटवर आहेत. व्हिरोकोनियम या मुक्कामाचे नाव तर दोन ठिकाणी विभागले गेले: त्याचा पूर्वार्ध रॉक्सिटर या गावात उरला आणि जवळच्या रेकिन या टेकडीच्या नावातही तोच शब्द आहे. म्हणूनच केवळ नावावरून प्राचीन मुक्कामाची जागा निश्चित करणे धोक्याचे ठरते. नाव लोकांबरोबर चालते, अवशेष जागेवर राहतात, आणि या दोहोंतील अंतरावरून रोमन काळानंतर वस्ती कोणत्या दिशेने हलली याचा अंदाज बांधता येतो.

रस्ता पाहणारे नवे लोक

पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील रोमन प्रशासन संपले आणि पुढील काळात इंग्रजीची पूर्वज भाषा बोलणारे समूह येथे स्थिरावले. त्यांना हा रस्ता तयारच मिळाला. फरसबंदी वाटेला लॅटिनमध्ये ‘व्हिया स्ट्राटा’ म्हणत. त्यातील ‘स्ट्राटा’ हा शब्द त्यांनी उचलला आणि तो पक्क्या, विशेषतः रोमन रस्त्यासाठी वापरला. वॉटलिंग स्ट्रीट जेथे ऊझ नदी ओलांडतो तेथे स्टोनी स्ट्रॅटफर्ड आणि जेथे ऊझल नदी ओलांडतो तेथे फेनी स्ट्रॅटफर्ड आहे. ‘स्ट्रॅटफर्ड’ म्हणजे पक्क्या रस्त्यावरील नदीउतार. त्यांपैकी एक उतार खडकाळ, तर दुसरा दलदलीचा होता. रस्त्यावरील वाडी या अर्थाचे ‘स्ट्रेटन’ हे नावही इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी आढळते आणि त्यांपैकी एक पेंक्रिजजवळ, याच रस्त्यालगत आहे. लष्करी तळाचा वाचक लॅटिन ‘कास्ट्रा’ हा शब्द अशाच रीतीने उसना घेतला गेला आणि रॉचेस्टर, टोस्टर, मॅन्सेटर, रॉक्सिटर यांच्या नावांचा उत्तरार्ध बनला. रस्त्यावरील नावांत लॅटिनचा अंश आहे तो मुख्यतः या दोन सामान्यनामांत, आणि तोही रोमनांनी ठेवलेला नसून इंग्रजी भाषकांनी वापरलेला.

खुद्द रस्त्याचे नावही रोमन नाही. सेंट ऑल्बन्सच्या परिसरात राहणाऱ्या ‘वॅक्लिंगा’ नावाच्या लोकसमूहावरून रस्त्याच्या त्या टप्प्याला नाव मिळाले आणि हळूहळू ते संपूर्ण मार्गाला लागू झाले. नवव्या शतकाच्या अखेरीस राजा आल्फ्रेड आणि डेन लोकांचा नेता गुथ्रुम यांच्यात झालेल्या तहात सरहद्द ऊझ नदीने वर जाऊन वॉटलिंग स्ट्रीटला मिळते, असे नमूद आहे. डेन लोकांच्या भाषेत गावाला ‘बी’ म्हणत, आणि या प्रत्ययाची नावे रस्त्याच्या ईशान्येस, लेस्टरशर परगण्यात, विपुल असून नैर्ऋत्येस विरळ होत जातात. आजही वॉरिकशर आणि लेस्टरशर या परगण्यांची सीमा मोठ्या अंतरापर्यंत याच रस्त्यावरून जाते. शेतांमधून लांबवर सरळ जाणारी परगण्याची किंवा गावाची सीमा हा लुप्त रोमन रस्त्याचा एक महत्त्वाचा सुगावा मानला जातो, कारण सीमा ठरवली गेली तेव्हा तो रस्ता सर्वांना दिसणारी आणि सहसा न हलणारी खूण होता.

फसवी नावे

स्थलनामांची साक्ष उपयुक्त असली, तरी ती उलटतपासणीशिवाय स्वीकारता येत नाही. बॅनाव्हेंटाच्या जवळ डॅव्हेंट्री हे गाव आहे आणि दोन्ही नावांचा ध्वनी सारखा वाटतो. परंतु जुन्या नोंदी पाहता डॅव्हेंट्रीचा अर्थ ‘डाफा नावाच्या माणसाचे झाड’ असा असून त्याचा रोमन मुक्कामाच्या नावाशी संबंध नाही. लंडनच्या जुन्या शहरात वॉटलिंग स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे, पण १३ व्या शतकातील नोंदींत त्याचे नाव ‘ॲथेलिंग’, म्हणजे राजपुत्र, या शब्दाने सुरू होते. प्रसिद्ध रस्त्याच्या नावाचा प्रभाव पडून ते नंतर बदलले. रॉक्सिटरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या एका वेगळ्याच रोमन रस्त्यालाही वॉटलिंग स्ट्रीट म्हटले जाते. नावाची कीर्ती एवढी होती की १४ व्या शतकातील कवी चॉसरने ‘द हाउस ऑफ फेम’ या काव्यात आकाशगंगेला काही लोक याच नावाने ओळखतात असे नमूद केले आहे. याउलट ‘कोल्ड हार्बर’, म्हणजे थंड आसरा, हे नाव रोमन रस्त्याची खात्रीची खूण असल्याचे जुने अभ्यासक मानत. ती बहुतेक नावे फार उशिराची असल्याचे आढळल्याने हा पुरावा आता बाद झाला आहे. यावरून अभ्यासाचा पहिला नियम ठरला: नावाच्या आजच्या रूपावरून नव्हे, तर सनदा, करनोंदी आणि इतिहासग्रंथांत मिळणाऱ्या सर्वांत जुन्या रूपावरून व्युत्पत्ती ठरवावी.

जमिनीची साक्ष

अंतिम निर्णय जमिनीवर होतो. रोमन मोजणीदार ‘ग्रोमा’ नावाचे उपकरण वापरत. एका दांड्यावर काटकोनात बसवलेल्या आडव्या पट्ट्यांना ओळंबे टांगून त्यांच्या रेषेत दूरच्या खुणा साधल्या जात. त्यामुळे रस्ता एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंत सरळ जातो आणि दिशा बहुधा उंच जागीच बदलतो. लंडनमधील मार्बल आर्चपासून वायव्येला ब्रॉकली हिलच्या दिशेने जाणाऱ्या एजवेअर रोडची सरळ रेषा हे त्याचे आजही दिसणारे उदाहरण आहे. रस्त्यासाठी मातीचा भराव घालून त्यावर दगड-वाळूचे थर दाबून बसवत आणि पाणी निघून जावे म्हणून दोन्ही बाजूंना चर खणत. हा भराव नांगरटीने झिजला, तरी पूर्णपणे नाहीसा होत नाही. कोरड्या उन्हाळ्यात दडपलेल्या दगडांवरील पीक खुरटते आणि लवकर पिवळे पडते, तर बुजलेल्या चरांतील ओलाव्यामुळे तेथील पीक हिरवे राहते, म्हणून विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत रस्त्याची रेषा उमटते.

अलीकडच्या काळात या कामाला लिडार तंत्राची मोठी मदत झाली आहे. यात विमानातून जमिनीकडे लेझर किरणांचे असंख्य स्पंद सोडले जातात आणि ते परतण्यास लागणाऱ्या वेळेवरून पृष्ठभागाची उंची मोजली जाते. झाडीतही काही स्पंद पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचत असल्याने संगणकाच्या साहाय्याने झाडे वगळून उघड्या जमिनीचा नकाशा तयार करता येतो, आणि त्यावर कलत्या उन्हाचा आभास निर्माण केला की डोळ्यांना न जाणवणारा अल्प उंचवटाही सावलीमुळे स्पष्ट होतो. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०१५ मध्ये आपली लिडार माहिती सर्वांसाठी खुली केल्यानंतर रोमन रस्त्यांचे अनेक अज्ञात तुकडे नकाशावर आले. इव्हान मार्गारी यांनी १९५० च्या दशकात ब्रिटनमधील रोमन रस्त्यांना क्रमांक देऊन जी सूची तयार केली, आणि जिच्यात वॉटलिंग स्ट्रीटला पहिला क्रमांक आहे, तिच्यातील तुटक दुवे जोडण्यास यामुळे मदत होत आहे. तरीही उंचवट्याची रेषा म्हणजे रोमन रस्ताच असे नव्हे. तो शेताचा बांध किंवा मध्ययुगीन वाटही असू शकतो, म्हणून रस्त्यावर आडवा चर खणून थरांचा छेद पाहणे आणि खालच्या थरात दबलेल्या नाण्यांवरून किंवा खापरांवरून काळ ठरवणे आवश्यकच राहते.

नाणी आणि खापरे रस्ता केव्हा बांधला गेला हे सांगतात; नंतर तो कोणी वापरला, हे मुख्यतः स्थलनामांवरून कळते. लिचफील्डमधील जुना अंश लॅटिन यादीतील ‘लेटोसेटम’ या लिखित रूपावरून आलेला नाही, तर शतकांच्या वापराने बदललेल्या केल्टिक उच्चारावरून आला आहे. याचा अर्थ इंग्रजी भाषकांनी हे नाव एखाद्या ग्रंथात वाचले नव्हते, तर तेथे अजूनही राहणाऱ्या केल्टिक भाषकांच्या तोंडून ऐकले होते. ज्या शतकांविषयी या प्रदेशातून लिखित साधने अत्यल्प मिळतात, त्या शतकांत जुने आणि नवे रहिवासी एकमेकांशी बोलत होते, याचा हा थेट पुरावा होय.