रुळांच्या कडेने कापले तर खडक आडवेच दिसतील

सातपाटीपासून पालघर गाव आणि वाघोबा खिंड ओलांडून मनोरपर्यंत नकाशावर एक सरळ रेघ मारायची. तिच्यालगत कागदाची पट्टी ठेवायची आणि जिथे जिथे समोच्चरेषा तिला छेदते, तिथे बारीक टिंब देऊन उंची लिहायची. ती टिंबे आलेखाच्या कागदावर उतरवून जोडली की जमिनीचा चढउतार तयार. भूवैज्ञानिक छेदाची ही पहिली पायरी. पहिला गैरसमजही इथलाच: डोंगराला जसा आकार, तसेच आतले थर.

चढउताराच्या रेघेला आतल्या खडकाची काहीच खबर नसते. त्यासाठी खडकापाशी जाऊन होकायंत्र आणि कोनमापक टेकवावे लागते. थर किती अंशांनी कलला आहे ती त्याची नती. त्या उताराशी काटकोन करणारी आडवी रेषा म्हणजे नतिलंब. बेसाल्टमध्ये हे मोजणे नाजूक काम. खडकाला पडलेल्या भेगा सहज थर समजल्या जातात. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधला तांबडा, मातकट पट्टा सापडला, तर भरवशाचे मोजमाप मिळते.

दख्खनचे खडक म्हणजे पोळ्यांची चवड, हा समज घाटातल्या कड्यांनी रुजवला. तिथे तो बराचसा खराही आहे. पण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे हेच प्रवाह किनारपट्टीत पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. काही ठिकाणी कल ५० अंशांच्या आसपास जातो. मग विरारहून बोईसर-डहाणूकडे लोकलने जाताना तो का जाणवू नये? पश्चिम रेल्वे इथे साधारण दक्षिणोत्तर धावते, आणि पश्चिमेकडे कललेल्या थरांचा नतिलंबही दक्षिणोत्तरच. रुळांच्या कडेने छेद घेतला, तर २० अंश कललेला थरही कागदावर आडवा उमटेल. नतिलंबाशी ३० अंशांचा कोन करून छेद घेतला, तर तोच कल जेमतेम १० अंशांचा दिसेल. सातपाटी–मनोर ही पूर्व-पश्चिम रेघ म्हणूनच निवडायची.

छेद देखणा दिसावा म्हणून उंची ताणणे हा तर नेहमीचा मोह. १:५०,००० च्या नकाशावर ५०० मीटर म्हणजे एक सेंटिमीटर. वाघोबा खिंडीजवळचा काळदुर्ग तेवढाही भरत नाही. म्हणून उंची पाचपट केली जाते, आणि १० अंशांचा मवाळ उतार कागदावर ४१ अंशांचा कडा होऊन बसतो. कल दाखवायचा असेल, तर आडवे आणि उभे प्रमाण एकच हवे, डोंगर कितीही बुटका दिसो.

बोईसरच्या सपाटीवर खडक क्वचितच उघडा दिसतो, तेव्हा बोअरची माहिती कामी येते. पण एका बोअरमधून तांबडी माती वर आली, तर त्या जागची खोली कळते, कल कळत नाही. तोच थर एका रेषेत नसलेल्या तीन बोअरमध्ये सापडला की नती आणि नतिलंब दोन्ही काढता येतात. उघड्यावर १० अंश पश्चिमेकडे कललेला थर तसाच सरळ गेला, तर सपाट जमिनीखाली किलोमीटरभर पश्चिमेला तो सुमारे १७६ मीटर खोल असणार. वाटेत एखादा भ्रंश, म्हणजे थर सरकवणारी भेग, आडवा आला, की हा हिशेब कोसळतो.

छेद म्हणजे जमिनीचा एक्स-रे, हा सगळ्यात चिवट समज. खरे तर एकाच कलावरून दोन वेगळे छेद निघू शकतात. किनाऱ्यालगत थर जिथे पश्चिमेकडे कलतात, त्या वाकणाला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतले जॉन ऑडेन (कवी ऑडेन यांचे थोरले बंधू) यांनी १९४९ साली त्यावर लिहिले. थर एका बाजूला वाकले, असे त्यांचे चित्र. १९९८ साली भूवैज्ञानिक हेतू शेठ यांनी वेगळा छेद मांडला: खोलवर जाताना सपाट होत जाणारा वक्र भ्रंश, आणि त्यावरून घसरताना कललेले थर. दोन्ही छेदांत वरचा कल पश्चिमेकडेच, फरक सगळा खालच्या रेघांत. त्या रेघा तुटक काढायच्या असतात आणि गरज पडेल तिथे शेजारी प्रश्नचिन्हही द्यायचे असते.