मिस्त्री म्हणतो ‘उद्या येतो’, आणि तोवर पाणी भरून जातं



गेल्या वर्षीची गोष्ट आहे. नाव लिहीत नाही, पण बऱ्याच जणांना माहीत आहे. आपल्या एका सभासदाची फायबरची होडी दगडावर घासून बुडाला चिरली होती. एप्रिलमध्येच मिस्त्रीला ४ हजार रुपये इसार दिला. मिस्त्री म्हणाला, ‘परवा येतो की.’ मग लग्नसराई निघाली, मग त्याचा फोन लागेना. मृग गेला, आषाढ गेला. मिस्त्री आला श्रावणात, रिमझिम चालू असताना. ओल्या होडीवरच मॅट चिकटवली, दुपारपर्यंत मोकळा झाला आणि उरलेले पैसेही घेऊन गेला.

पंधरा दिवसांत जाळं ओढताना ते ठिगळ सुटलं. होडीत बाप-लेक दोघंच. काठ जवळ होता आणि हवेची ट्यूब सोबत होती म्हणून वाचले. जाळं गेलं ते गेलंच. पैसे मागायला गेलो तर हातात साधी चिठ्ठी नाही. ‘ओळखीचा आहे, देऊन टाक’ असं त्या सभासदाला सांगणारा मीच होतो. म्हणून आज हे लिहितोय.

मिस्त्री का येत नाही?

चिडून उपयोग नाही, त्याची बाजूही बघू. आपल्याकडे होडीचं काम करणारा वेगळा कारागीर नाही. जो पाण्याच्या टाक्या, पत्रे, दरवाजे करतो तोच होडी करतो. चुळकी नाला असो, वरचा मुल्लामारी असो, नाहीतर आळंदकडचं अमरजा, एका होडीच्या एका चिरेसाठी सामान गाडीवर टाकून धरणावर यायचं म्हणजे त्याचा दिवस जातो. तेवढ्यात गावात टाकीचं मोठं काम आलं की आपण मागे पडतो. त्यात आपणही होडी ओली, चिखलाने भरलेली देतो आणि काम झाल्यावर बिलासाठी त्याला चार चकरा मारायला लावतो. हे पण खरं आहे.

म्हणून पहिली गोष्ट: एकट्याने मिस्त्री बोलवू नका. पाच-सहा होड्या एका जागी आणा. दोन-तीन दिवसांचं सलग काम दिसलं की तो येतो, आणि दरही कमी करतो.

ठरवताना काय करायचं?

१. कामाची चिठ्ठी लिहा. कुठे चीर आहे, मॅटचे किती थर, सामान कोणाचं, किती पैसे, कोणत्या तारखेला सुरू. मराठी, कन्नड, उर्दू, मिस्त्रीला जी भाषा वाचता येते तीत लिहा. दोघांची सही, आणि चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये.

२. इसार म्हणून रोख देऊ नका. रेझिन, मॅट, हार्डनर आपण दुकानातून पावतीवर आणा. डब्यावरची तारीख बघा, जुनं रेझिन नीट धरत नाही.

३. पैसे तीन टप्प्यांत द्या. घासून साफ केल्यावर एक, थर बसवल्यावर दुसरा, होडी पाण्यात उतरवून बघितल्यावर तिसरा. आणि तिसरा टप्पा त्याच दिवशी द्या, ताटकळत ठेवू नका.

४. ठरल्या तारखेला आला नाही तर किती दिवस थांबायचं तेही चिठ्ठीत लिहा. त्यानंतर दुसरा मिस्त्री बघायला आपण मोकळे.

काम चालू असताना

होडीजवळ बसा. चिरेच्या दोन्ही बाजूंनी वीतभर तरी ग्राइंडरने घासलं पाहिजे. नुसत्या रंगावर मॅट चिकटवली तर ती निघणारच. होडी आधी उन्हात पूर्ण वाळलेली हवी. ओलीवर रेझिन धरत नाही, आपल्याकडे नेमकं तेच झालं.

हार्डनर मोजून टाकायला सांगा. एक किलो रेझिनला साधारण १० ते २० मिली. जास्त टाकलं तर पटकन गरम होऊन ठिसूळ होतं, कमी पडलं तर चिकट राहतं. आणि भावांनो, हे नीट लक्षात ठेवा: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. जवळ बिडी-सिगारेट नको, लहान पोरं नकोत.

ताब्यात घेताना

दुसऱ्या दिवशी ठिगळावर नाण्याने ठोकून बघा. सगळीकडे टणक आवाज आला पाहिजे. मध्येच पोकळ, बद्द आवाज आला तर आत हवा राहिली आहे, तेवढं पुन्हा करून घ्या. बोटाला चिकट लागत असेल तर अजून वाळलं नाही. मग होडी काठाजवळ रात्रभर पाण्यात बांधून ठेवा. सकाळी आतून कोरडी असेल तरच शेवटचे पैसे.

तरी फसवलं तर?

आधी सोसायटीत सांगा, आपण चार माणसं जाऊन बोलू. बहुतेक वेळा तेवढ्यावर मिटतं. नाहीच मिटलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारा, किंवा जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, पण २ वर्षांच्या आत करावी लागते. तिथेही पहिला प्रश्न एकच असतो: पावती कुठे आहे?

यंदा असं करू. होळीपर्यंत ज्यांच्या होड्यांचं काम आहे त्यांनी सोसायटीत नाव द्यावं, चिरेचा फोटो पाठवावा. पाणी खाली गेलं की सगळ्या होड्या एका काठावर ओढू, आठ दिवस उन्हात वाळवू आणि मिस्त्रीला एकदाच बोलवू. चिठ्ठी मी स्वतः लिहीन.

तो मुलगा यंदा पुन्हा बापाबरोबर धरणावर जाणार आहे. त्याच्या पायाखालची होडी कोरडी राहिली पाहिजे, एवढंच.

आपला,
सचिव