सल्ला मागायचा, तर उत्तरही द्यायचे

ब्रुसेल्समध्ये युरोपीय संसदेपासून जवळच, रू बेल्यार या रस्त्यावर, जाक देलोर यांचे नाव दिलेली इमारत आहे. युरोपीय आर्थिक आणि सामाजिक समितीचे कामकाज तिथे चालते. २७ देशांतून आलेले ३२९ सदस्य. कुणी कामगार संघटनेचा पदाधिकारी, कुणी उद्योजकांच्या महासंघाचा, तर कुणी शेतकऱ्यांच्या, ग्राहकांच्या किंवा अपंगांच्या संघटनेतून आलेला. पगार कुणालाच नाही, प्रवासखर्च आणि भत्ता तेवढा मिळतो. ही समिती कायदा करू शकत नाही, अडवू शकत नाही आणि धोरणाच्या पैशातला एक युरोही स्वतःच्या मर्जीने खर्च करू शकत नाही. तिच्या हाती आहे तो फक्त अभिप्राय. तरीही १९५७ च्या रोम कराराने तिला जन्म दिला आणि मे १९५८ मध्ये तिची पहिली बैठक भरली. युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९७९ मध्ये झाली. इतका दीर्घकाळ नुसता सल्ला देत राहिलेल्या संस्थेचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे: उपयोग निश्चित आहे, पण तो सल्ल्याच्या शहाणपणावर फारसा अवलंबून नाही. ज्याला सल्ला दिला त्याच्यावर उत्तर देण्याचे बंधन आहे की नाही, यावर तो ठरतो. युरोपच्या आर्थिक आणि प्रादेशिक धोरणाचा गेल्या साडेतीन दशकांचा इतिहास हेच दाखवतो.

आधी अभिप्राय तयार कसा होतो ते पाहू, कारण समितीचे खरे बळ तिथे आहे. युरोपीय आयोगाने एखादा प्रस्ताव पाठवला की विषयानुसार तो एका विभागाकडे जातो. चलनसंघ, अंदाजपत्रक आणि प्रादेशिक समतोल हे विषय एकाच विभागाकडे आहेत. तिथे एका सदस्यावर मसुदा लिहिण्याची जबाबदारी येते आणि तिन्ही गटांतले, म्हणजे मालक, कामगार आणि इतर नागरी संघटनांचे, मोजके सदस्य त्याच्यासोबत बसतात. मसुदा त्यांच्याकडून विभागाकडे आणि विभागाकडून पूर्ण बैठकीकडे जातो. या रीतीतला एक बारकावा मला विशेष मोलाचा वाटतो. बैठकीत एखादी दुरुस्ती फेटाळली गेली, पण तिला किमान एक चतुर्थांश मते पडलेली असली, तर ती दुरुस्ती अभिप्रायाला परिशिष्ट म्हणून जोडली जाते. म्हणजे एकमत कुठवर होते आणि मालक-कामगार कुठे फुटले, हे वाचणाऱ्याला कागदावर दिसते. मंत्र्याला वेगवेगळे भेटून गेलेल्या दोन शिष्टमंडळांकडून ही माहिती कधीच मिळणार नाही, कारण एकमेकांच्या पाठीमागे बोलताना कुणालाही तडजोड करावी लागत नाही.

अशा अभिप्रायाचा परिणाम होतो का? दोन दाखले पुरेसे आहेत. जाक देलोर आयोगाचे अध्यक्ष असताना एकसंध बाजारपेठ उभी राहत होती आणि त्या बाजारपेठेत कामगाराच्या हक्कांचे काय, हा वाद पेटला होता. १९८८ च्या अखेरीस आयोगाने या समितीचे मत मागितले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ते आले. त्याच डिसेंबरात बारापैकी अकरा देशांनी कामगारांच्या मूलभूत सामाजिक हक्कांची सनद स्वीकारली. ब्रिटन तेवढे बाहेर राहिले. आजच्या युरोपीय करारातही त्या सनदेचा उल्लेख आहे. दुसरा दाखला लांबचा आहे. ठरावीक काळाने बिघडावीत अशाच बेताने वस्तू बनवण्याच्या प्रथेविरुद्ध समितीने ऑक्टोबर २०१३ मध्ये स्वतःहून अभिप्राय दिला. असा स्वतःहून बोलण्याचा हक्क तिला १९७२ च्या पॅरिस शिखर परिषदेत मिळाला होता. वस्तू दुरुस्त करून मिळण्याच्या हक्काचा युरोपीय कायदा २०२४ मध्ये झाला. त्याचे सगळे श्रेय समितीला देणे खोटे ठरेल. पण सरकारांच्या कार्यक्रमपत्रिकेवर नसलेला प्रश्न तिने अकरा वर्षे आधी लिहून ठेवला होता, हे खरे.

मात्र खरी कसोटी पैशाच्या वाटपाची. दरडोई उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असलेल्या प्रदेशांकडे मुख्यतः वळणारा निधी, ज्याला तिथे कोहेजन धोरण म्हणतात, २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी सुमारे ३९२ अब्ज युरोंचा आहे. १९८८ च्या सुधारणांत या निधीला भागीदारीचे तत्त्व जोडले गेले. आधी त्यात राज्ये आणि प्रदेश होते, पुढे कामगार, मालक आणि स्वयंसेवी संस्था आल्या. २०१४ मध्ये त्यासाठी आचारसंहिताच काढली गेली. हे तत्त्व कागदावरून जमिनीवर उतरते तेव्हा काय घडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अपंगांच्या निवासी संस्थांचे आहे. पूर्व युरोपात अपंग मुले-माणसे मोठमोठ्या संस्थांत, घरादारापासून दूर, डांबून ठेवल्यासारखी राहत होती. २००७ नंतरच्या निधीतून काही ठिकाणी याच इमारतींची डागडुजी होऊ लागली. हिशेबात काहीच चूक नव्हती: निविदा निघाली, छत बदलले, गरम पाण्याचे नळ आले, पावत्या जुळल्या. चूक होती ती उद्देशात, आणि ती लेखापरीक्षकाच्या नजरेला सहज पडणारी नव्हती. अपंगांच्या आणि मुलांच्या संघटनांना ती दिसली. त्यांनी आरडाओरडा केला. २००९ मध्ये आयुक्त व्लादिमिर श्पिड्ला यांनी तज्ज्ञगट नेमला, २०१२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१४ पासूनच्या नियमांत, जिथे तशी गरज दिसून आली आहे तिथे, संस्थेऐवजी वस्तीतच आधार देण्याकडे वळण्याचे उपाय ही निधीची पूर्वअट झाली. सल्ला ऐकला गेला याचे कारण उघड आहे: अट पूर्ण केल्याचे दाखवले नाही तर पैसे अडणार होते. आता प्रत्येक कार्यक्रमाच्या देखरेख समितीत अशा संघटनांना जागा आहे, प्रत्येक सदस्याला एक मत आहे आणि प्रकल्प निवडण्याचे निकष ही समितीच मंजूर करते. इथे सल्लागार अर्धा निर्णयकर्ता झालेला आहे.

याच्या अगदी उलट चित्र करोनानंतरच्या पुनरुत्थान निधीत दिसले. ७०० अब्जांहून अधिक युरोंची तरतूद, त्यातली बरीचशी कर्जरूपात. नियम १९ फेब्रुवारी २०२१ रोजी लागू झाला आणि देशांनी आपले आराखडे साधारणपणे ३० एप्रिलपर्यंत द्यायचे होते. दहा आठवडे. त्या नियमात नागरी संघटनांबाबत एवढेच होते की देशाच्या कायद्यानुसार जो सल्लामसलतीचा व्यवहार झाला असेल त्याचा सारांश आराखड्यात द्यावा. जागा नाही, मत नाही, ठरलेली मुदत नाही. त्याच फेब्रुवारीत समितीने देशोदेशी चौकशी करून ठराव केला की बहुतेक ठिकाणी संघटनांचा सहभाग अपुरा आहे. ठराव खरा होता, पण त्यामुळे कुणाचा हप्ता अडला नाही. दोन्ही निधी एकाच संघाचे आणि तेच देश ते खर्च करणार होते. फरक होता तो फक्त नियमातल्या अटींचा.

समितीवर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. तिला कुणी निवडून दिलेले नाही. सरकारे नावे सुचवतात, मंत्रिपरिषद नेमणूक करते, मग जर्मनी, फ्रान्स, इटलीचे प्रत्येकी २४ आणि माल्टाचे ५ सदस्य येतात. ज्यांची संघटनाच नाही असा घरकाम करणारा स्थलांतरित मजूर किंवा गावात एकटी राहणारी म्हातारी या सभागृहात कुठे आहे? हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यावरून समिती बंद करा असा निष्कर्ष निघत नाही. संघटना बांधण्यासाठी आणि चालवण्यासाठी पैसा लागतो, हे ओळखून कोहेजन निधीच्या नियमांनीच गरजेनुसार त्यातला काही भाग संघटनांची क्षमता वाढवण्यासाठी ठेवायला सांगितले आहे. ते गंभीरपणे घ्यावे. दुसरा आक्षेप खर्चाचा: वर्षाला सुमारे १५ कोटी युरो. कारभारही नेहमी स्वच्छ राहिलेला नाही. २०२० मध्ये युरोपीय संसदेने समितीच्या २०१८ च्या हिशेबाला मंजुरी नाकारली, आणि हा नकार योग्यच होता, कारण इतरांना जबाबदारीचे धडे देणाऱ्याने आपले घर आधी झाडले पाहिजे. तरीही चारशे अब्जांच्या आसपासचा निधी कुठे चुकतो आहे हे आधी सांगणाऱ्या यंत्रणेवरचा हा खर्च मला जास्त वाटत नाही. तिसरा आक्षेप विलंबाचा, आणि तो सर्वांत कच्चा आहे. करारानुसार आयोग किंवा परिषद समितीला मुदत घालू शकते, ती किमान एक महिन्याची असते, आणि मुदत संपली की मत नसतानाही पुढे जाता येते. एक महिना कुठलाही कायदा बुडवत नाही. चुकीच्या जागी छत घातले तर मात्र दहा वर्षे वाया जातात.

जुलै २०२५ मध्ये आयोगाने २०२८ ते २०३४ साठीच्या अंदाजपत्रकाचा प्रस्ताव मांडला. कोहेजन आणि शेती यांचे पैसे प्रत्येक देशाच्या एकेका 'राष्ट्रीय आणि प्रादेशिक भागीदारी आराखड्या'त एकत्र करण्याचा त्यात विचार आहे. रचना पुनरुत्थान निधीच्या जवळची आहे: आराखडा राजधानीत ठरेल आणि ठरलेले टप्पे गाठले की हप्ते मिळतील. नावात भागीदारी असल्याने भागीदारी होत नाही. या नियमात एक कलम हवे, आणि त्यासाठी समितीने आणि देशोदेशींच्या संघटनांनी आतापासून झगडायला हवे: देखरेख समितीतल्या नागरी संघटनांनी लेखी मत दिले, तर सरकारने ठरावीक मुदतीत त्याला लेखी आणि सकारण उत्तर द्यावे, आणि ते उत्तर प्रसिद्ध झाल्याशिवाय हप्ता सुटू नये.