अडीच सुताचा फरक

आपल्या मंडळींत आता नुसते इंजिनियर आणि डॉक्टर राहिलेले नाहीत. कुणी मोटेल चालवतं, कुणी केटरिंग करतं, कुणी जुनी घरं घेऊन, दुरुस्त करून विकतं. आम्ही तीन कुटुंबं मिळून न्यू जर्सीत असाच एक उद्योग करतो. घरदुरुस्ती, रंगकाम, डेक बांधणं आणि उन्हाळ्यात थोडंफार लॅन्डस्केपिंग. काम वाढत गेलं तशी वाहनं जमत गेली, बहुतेक दुसऱ्याच्या हातची. दोन मोठे पिकअप ट्रक, एक मध्यम पिकअप, एक व्हॅन, एक छोटी एसयूव्ही. शिवाय तीन ट्रेलर: एक उघडा, एक हत्यारांचा बंद, आणि एक माती-राडारोडा वाहणारा, हायड्रॉलिकने मागे उलटणारा.

प्रत्येक वाहन ज्या घरातून आलं तिथली मापं घेऊन आलं. रोज सकाळी सहा वाजता 'कोणता ट्रेलर कोणत्या गाडीला?' हा प्रश्न. एका हिवाळ्यात, काम थंड असताना, आम्ही हे सगळं एका मापावर आणायचं ठरवलं. ज्यांच्या घरी एकाहून जास्त कामाच्या गाड्या आहेत त्यांना उपयोग होईल म्हणून हा लेख.

यात मुख्य मापं दोन. पहिलं रिसीव्हरचं, म्हणजे गाडीच्या मागच्या बंपरखाली जी चौकोनी नळी असते तिचं. ती सव्वा, दोन, अडीच किंवा तीन इंचांची असते. तिच्यात बॉल माउंटचा दांडा सरकवायचा आणि आडवी पिन घालायची. दुसरं माप त्या माउंटवरच्या लोखंडी गोळ्याचं, म्हणजे बॉलचं. सर्वसाधारण वापरात तीन बॉल आढळतात: १-७/८ इंच, २ इंच आणि २-५/१६ इंच. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला असलेला कपलर, म्हणजे उलट्या वाटीसारखा भाग, या गोळ्यावर बसतो आणि खालून खटका लागतो.

आमच्यापैकी एकाचे वडील तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो. हे सोळांश-अष्टमांश ऐकून ते म्हणाले, "अहो, सरळ सुतात बोला ना. इंचाचे आठ सूत. पहिला गोळा दोन इंचाला एक सूत कमी, दुसरा बरोबर दोन इंच, तिसरा दोन इंच अडीच सूत." त्या दिवसापासून आमच्या गॅरेजात सूत चालतं. पिनासुद्धा 'चार सुती' आणि 'पाच सुती'. सव्वा इंची नळीला पहिली, दोन इंचीला दुसरी.

रिसीव्हरचा प्रश्न सोपा निघाला. मध्यम पिकअप, व्हॅन आणि एक मोठा ट्रक यांना दोन इंची नळी आधीच होती. दुसऱ्या मोठ्या ट्रकला अडीच इंची होती, तिच्यात दोन इंचावर आणणारी बाही घातली. छोट्या एसयूव्हीची सव्वा इंची. तिला मोठं करणारे जोड मिळतात, पण जोड लावल्याने गाडीची ओढण्याची ताकद वाढत नाही, उलट घटते. ती गाडी ओढकामातून काढली आणि मुलांच्या सायकली न्यायला ठेवली.

खरी चर्चा झाली ती बॉलवर, आणि ती तीन शनिवार चालली. (आपल्या लोकांत तीन भागीदार म्हणजे चार मतं असतात.)

एक पक्ष म्हणत होता की सगळीकडे एकच बॉल ठेवा. दुसऱ्या पक्षाचा मुद्दा वजनदार होता. सगळं एकाच मापाचं केलं तर कोणतीही गाडी कोणत्याही ट्रेलरला जोडता येईल. मग घाईच्या सकाळी कुणीतरी व्हॅनला मातीचा ट्रेलर लावील. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या हंगामात हे दिसतंच. हुकात पिन टाकली की ट्रॉली जोडली, आणि पिन ट्रॅक्टरची ताकद विचारत नाही. मग एकामागे दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली. म्हणून हलक्या ट्रेलरना दोन इंची आणि भारी ट्रेलरला मोठा बॉल असा भेद ठेवावा, म्हणजे चुकीची जोडी जुळणारच नाही.

ऐकायला पटतं. पण अण्णांनी प्रत्यक्ष करून बघायला लावलं आणि चित्र उलटं निघालं. मोठा बॉल लहान वाटीत बसतच नाही, त्यात धोका काही नाही. लहान बॉल मात्र मोठ्या वाटीत बसतो! दोन इंची गोळ्यावर २-५/१६ चा कपलर ठेवला तर तो आरामात बसतो, खटकाही लागल्यासारखा वाटतो, आणि अंगणातून बाहेर पडेपर्यंत काहीच कळत नाही. रस्त्यात खड्डा आला, ट्रेलरचं नाक उसळलं, की वाटी गोळ्यावरून निसटते. म्हणजे हलक्या गाडीला भारी ट्रेलर, नेमकी जी जोडी अडवायची होती, तीच बिनबोभाट जुळते. दोन मापं ठेवणं ही राखण नव्हे, तो सापळा आहे.

तेव्हा एकच बॉल, आणि तोही सर्वांत मोठा, २-५/१६. दारात त्याहून लहान गोळाच नको. बंद ट्रेलरचा कपलर वेल्डरकडून बदलून घेतला. उघड्या ट्रेलरचा दांडा त्या मापाचा कपलर पेलण्यासारखा नव्हता, तो विकून दुसरा घेतला. जुने बॉल भंगारात दिले. फडताळात 'असू दे कधीतरी लागेल' म्हणून ठेवले नाहीत, आणि आमच्या घरांत ही गोष्ट सोपी नाही हे वाचकांना माहीत आहे.

वजनाचा प्रश्न मात्र माप बदलून सुटत नाही, तो आकड्यांनीच सोडवावा लागतो. गाडी, रिसीव्हर, माउंट, बॉल आणि कपलर या पाचांवर क्षमता लिहिलेली असते, आणि पाचांत जो आकडा लहान तोच जोडीचा खरा आकडा. मोठा कपलर लावला म्हणून ट्रेलरचा आस मजबूत होत नाही. आम्ही प्रत्येक वाहनाच्या मागच्या दारावर हा आकडा मराठीत मोठ्या अक्षरांत रंगवला आहे, आणि ट्रेलरच्या नाकावर भरलेलं कमाल वजन. ट्रेलरचा आकडा मोठा असेल तर जोडायचं नाही, एवढाच नियम. गिऱ्हाइकं 'हे काय लिहिलंय' विचारतात, ती वेगळी करमणूक.

एक गोष्ट एकसारखी करता आली नाही, ती म्हणजे उंची. प्रत्येक ट्रकची नळी जमिनीपासून वेगळ्या उंचीवर. ट्रेलर समतल राहिला नाही तर वजन पुढेमागे सरकतं. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार नाकावर हवा. म्हणून ज्याचा त्याचा खाली उतरलेला माउंट त्या त्या गाडीला कुलूप लावून ठेवला. विजेच्या तारा सगळीकडे सात टोकांच्या प्लगवर आणल्या, म्हणजे ट्रेलरचे ब्रेकही चालतात.

एकसारख्या मापाची किंमत या देशाने मोठी मोजून शिकली आहे. १९०४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर पेटलं तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यू यॉर्कहून बंब धावून आले, पण अनेकांच्या नळ्यांचे आटे तिथल्या हायड्रंटना बसेनात. पंधराशेहून जास्त इमारती जळाल्या. त्यानंतर आट्यांचं राष्ट्रीय माप ठरवण्यात आलं. उलट टोकाला, १९४५ साली सुरू झालेल्या यू-हॉलने दुसरी वाट धरली. भाड्याचा ट्रेलर कुणाच्याही गाडीला जायचा, म्हणून त्यांचे कपलर १-७/८ आणि २ इंच असे दोन्ही बॉल धरणारे. पहिल्या नोकरीच्या गावी गादी आणि प्रेशर कुकर घेऊन ज्यांनी यू-हॉल ओढला, त्यांनी हा चाकासारखा फिरवायचा दट्ट्या पाहिला असेल.

जोडल्यावर एक परीक्षा मात्र दरवेळी करायची. खटका लावून पिन घातली की ट्रेलरचा जॅक फिरवून नाक वर उचलायचं. गाडीचं बूडही बरोबर वर आलं तर बॉल बरोबर आहे. वाटी एकटीच वर निघाली तर बॉल चुकीचा. एक मिनिटही लागत नाही. त्यानंतर सुरक्षेच्या साखळ्या नाकाखालून फुलीसारख्या ओलांडून लावायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर नाक रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतं.

गणेशोत्सवाला मखर, ढोल आणि स्टेजच्या फळ्या नेणारा मंडळाचा ट्रेलर दोन इंची आहे. आमच्या गाड्यांना तो आता लागत नाही, त्यामुळे यंदा ओढायला दुसऱ्या कुणाची तरी एसयूव्ही लागेल. जो सभासद पुढे येईल त्याने आधी आपल्या बॉलच्या माथ्यावर कोरलेला आकडा वाचून कार्यवाहांना कळवावा. तिथे १-७/८ असेल तर बॉल बदलून यावं. मूर्ती नेहमीप्रमाणे कारमध्येच, मांडीवर घेऊन न्यायची आहे.